न कुजलेलं बनियन

मातीबाईंचा राग साधा नव्हता. साधा राग चहाबरोबर येतो आणि कप विसळला की जातो. बाईंनी धरला होता तो डूख, आणि त्याला यंदा अठरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात माणसं घरं बांधतात, दाढा बसवून घेतात, भावाभावांची भांडणंसुद्धा मिटवून टाकतात. बाईंनी घर बांधलं, दाढही बसवून घेतली, पण डूख सोडला नाही. उलट खतपाणी घालून वाढवला, आणि खतपाण्यातलं त्यांना जेवढं कळत होतं तेवढं त्या भागात कुणालाच कळत नव्हतं.

शेतकऱ्यांना माती शिकवायची, हे त्यांचं काम. कार्यालयाची जीप त्यांना सकाळी एखाद्या फाट्यावर सोडायची आणि संध्याकाळी आठवण राहिली तर न्यायला यायची. खांद्याला पिशवी, पिशवीत खुरपं, दोन उभे काचेचे ग्लास आणि पाण्याची बाटली. बांधावर माणसं जमली की बाई दोन शेतांतली दोन ढेकळं उचलायच्या आणि दोन ग्लासांत सोडायच्या. एक ढेकूळ पाण्यात तसंच बसून राहायचं. दुसरं बघता बघता विरघळायचं आणि पाणी गढूळ करून टाकायचं. मग बाई विचारायच्या, जोराचा पाऊस आला तर यातलं कुणाचं शेत जागेवर राहील आणि कुणाचं ओढ्यात जाईल? उत्तर शेंबड्या पोरालाही आलं असतं, पण ते स्वतःच्या तोंडानं दिलं की माणूस विसरत नाही, हे बाईंना माहीत होतं.

बोलायला त्या तिखट होत्या. "युरिया म्हणजे चहा," असं त्या सांगायच्या. "तरतरी येते, पोट भरत नाही. चहावर जगणारा माणूस मी पाहिला नाही. चहावर ठेवलेली शेतं मात्र रोज पाहते." कापणीनंतर उरलेलं काड जाळू नका, जमीन उघडी ठेवू नका, दरवर्षी तेच ते पीक घेऊ नका, नांगराला जरा विश्रांती द्या. ऐकणारे माना डोलवायचे आणि घरी जाऊन काड पेटवायचे. तरी बाई पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. पालथ्या घड्यावर पाणी ओतत राहिलं तर घडा निदान धुतला तरी जातो, असं त्यांचं म्हणणं.

एवढ्या जिवापाड शिकवणारी बाई बांधावर हौसेनं आली असेल असं कुणालाही वाटेल. पण त्यांना तिथे आणून टाकलं होतं.

अठरा वर्षांपूर्वी त्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होत्या. लांबट खोली, भिंतीला टेकून फळ्या, फळ्यांवर कागद अंथरून वाळत घातलेली शेकडो शेतांची माती. प्रत्येक ढिगाशेजारी चिठ्ठी. बाईंना ती खोली देवघरापेक्षा प्रिय होती. एका वर्षी कार्यालयानं सर्वोत्तम जमिनीची स्पर्धा घेतली, आणि तिच्यात एका बड्या बागायतदाराचा नमुना आला. हा माणूस बागायतदारांच्या संघाचा अध्यक्ष. लोक त्याला भाऊसाहेब म्हणत. बाई मनातल्या मनात त्याला पदकवाला म्हणत आणि त्याचा उल्लेख एकेरीत करत. आपणही तसंच करू, त्याची तीच लायकी आहे.

तर पदकवाल्याचा नमुना बाईंनी चाळणीवर घेतला आणि त्या थबकल्या. मातीत बारीक चोथा होता, वाळक्या शेणाचे कण होते. तपासणीत सेंद्रिय कर्ब इतका निघाला की तेवढा कुठल्याही शेतात निघत नाही. मातीचा नमुना शेताच्या आठ-दहा जागांवरून घ्यायचा असतो. वीतभर खड्डा करायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची, सगळी एकत्र करायची. गोठ्याजवळ, बांधालगत, झाडाखाली घ्यायची नाही. ही माती गोठ्यामागची होती, हे बाईंनी वासावरून ओळखलं. त्यांनी अहवालावर सरळ लिहिलं, की हा नमुना शेतातला वाटत नाही.

पदकवाल्यानं आरडाओरडा केला नाही. तो साहेबांच्या खोलीत चहा प्याला आणि शांतपणे म्हणाला, की नमुना माझ्या शेतातलाच आहे, बाईंच्या हातून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल, होतं माणसाकडून. त्या "होतं माणसाकडून"नं बाईंचा घात केला. साहेबांना अध्यक्षाची मर्जी हवी होती आणि चौकशी नको होती. बाईंच्या सेवापुस्तकात "निष्काळजी" असा शेरा पडला, त्यांची रवानगी बांधावर झाली, आणि पदकवाल्याच्या बैठकीच्या खोलीत, दारातून शिरताच दिसेल अशा जागी, पितळी पदक चौकटीत लागलं.

सोळा वर्षं हाडाची काडं करून मोजमापं अचूक ठेवणाऱ्या बाईला निष्काळजी म्हणणं म्हणजे काय, ते ज्याला म्हटलं गेलं त्यालाच कळतं. बाई घरी आल्या आणि जेवल्या. धाकट्या बहिणीला एवढंच म्हणाल्या, की या माणसाला मी चारचौघांत उघडा पाडणार, त्याच्याच मातीत. बहीण म्हणाली, "ताई, आधी भात तरी संपव."

*

संधी यायला अठरा वर्षं लागली, आणि ती आली बनियनच्या रूपानं.

बाईंनी एक नवी परीक्षा सुरू केली होती. शिकवायला इतकी सोपी की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटे. नवंकोरं पांढरं सुती बनियन घ्यायचं, शेतात वीतभर खोल पुरायचं, खुणेला खुंटी ठोकायची आणि दोन महिने विसरून जायचं. कापूस म्हणजे शेवटी काडीकचराच. माती जिवंत असेल तर तिच्यातले जीवजंतू बनियन खाऊन टाकतात, उरते ती चिंधी आणि शिवण. माती मेलेली असेल तर बनियन जसंच्या तसं वर येतं. कागद नको, आकडे नकोत, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

त्या भागातले चाळीस शेतकरी तयार झाले. काहींनी तर पैजा लावल्या. त्यांच्यात एक काका होते. ते प्रत्येक वाक्य "पण"नं सुरू करत, म्हणून त्यांना सगळे पणकाका म्हणत. त्यांनी विचारलं, "पण बाई, चड्डी चालणार नाही का? बनियन मला लागतं."

नावांची यादी हातात आली तेव्हा बाईंनी ती दोनदा वाचली. एकेचाळिसावं नाव पदकवाल्याचं होतं. ते त्याच्या सुनेनं लिहून दिलं होतं. ती गेली काही वर्षं बाईंच्या वर्गाला येऊन मागे बसायची, वहीत लिहून घ्यायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. बाईंनी तिला कधी जवळ केलं नव्हतं. त्या घरचं पाणीसुद्धा त्यांना नको होतं.

पदकवाल्याचं शेत बाईंना माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी जीपमधून ते पाहिलं होतं. वर पांढरी पापडी धरलेली, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक झालेल्या. त्या दिवशी बाई घरी गाणं गुणगुणत आल्या होत्या. अशा जमिनीत पुरलेलं बनियन दोन महिन्यांनी काय, दोन वर्षांनीही घालून लग्नाला जाता आलं असतं. पण चोर तो चोर. ज्यानं नमुना बदलला तो बनियन कशाला सोडेल? दुसरं बनियन उकिरड्यात कुजवून आदल्या दिवशी त्या जागी पुरून ठेवेल आणि पुन्हा छाती काढून उभा राहील. हा विचार बाईंच्या डोक्यात शिरला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

बनियनं बहिणीच्या दुकानातून यायची होती. दोघी बहिणी एकाच घरात राहत. खाली बहिणीचं होजियरीचं दुकान, वर दोघींच्या दोन खोल्या. दुकानाच्या फळीवर खोक्यांच्या रांगा आणि गल्ल्यामागे मापाची टेप गळ्यात घालून बसलेली बहीण. बाईंनी चाळीस बनियनं मोजून घेतली आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की सुती दिसेल पण सुती नसेल असं काही आहे का तुझ्याकडे?

बहिणीनं चष्म्यावरून बघितलं. तिनं एक खोकं उघडलं, एक बनियन काढलं, टोकाचा धागा तोडून मेणबत्तीवर धरला. धागा आकसला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. मग तिनं साध्या बनियनचा धागा धरला. तो भुरकन जळाला आणि बोटावर राख राहिली.

"हे जळत नाही, वितळतं," बहीण म्हणाली. "सगळं पॉलिस्टर. हे पुरलंस तर तुझी माती याचं काही वाकडं करणार नाही. कुणासाठी?"

बाईंनी सांगितलं.

"ताई, ही लबाडी आहे."

"त्याची जमीन मेलेलीच आहे. बनियन तेच सांगेल जे खरं आहे. आणि त्यानं ते बदललं, तर फाटकं निघेल, म्हणजे हे ते नव्हेच, आणि तो तिथेच सापडेल. दोन्हीकडून फास आहे त्याला."

"खऱ्याला एवढा बंदोबस्त लागत नाही," असं म्हणून बहिणीनं ते बनियन कागदात गुंडाळून दिलं. मोठ्या बहिणीला नाही म्हणायची तिला सवय नव्हती, आणि अठरा वर्षं रोज रात्रीच्या जेवणाला पदकवाला तोंडी लावायला होता, त्याचाही तिला कंटाळा आला होता.

बाईंनी एकेचाळीस बनियनं एकेचाळीस शेतांत स्वतःच्या हातानं पुरली. पदकवाल्याच्या शेतात त्या सर्वांत शेवटी गेल्या, तेव्हा अंधारून आलं होतं, आणि त्यांनी घाईनं चर उकरून बनियन आत सारलं. मातीकडे त्यांनी पाहिलं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांना आधी मूठभर माती हातात घ्या म्हणून सांगितलं, तिनं त्या संध्याकाळी मूठ उघडली नाही. गरजच वाटली नाही. निकाल त्यांच्यापाशी आधीच तयार होता.

*

दोन महिन्यांनी खोदायचा दिवस उजाडला. बाईंनी नवं पातळ नेसलं. बहीण म्हणाली, मुलगी बघायला निघाल्यासारखी दिसतेस. बाईंनी ऐकून घेतलं, त्या दिवशी त्यांचा मूड कशानंही बिघडणार नव्हता.

सकाळपासून सगळा जथा शेतामागून शेत करत निघाला. एकाच्या शेतात नुसती शिवण आणि गळ्याची पट्टी निघाली, त्याला लोकांनी खांद्यावर घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं. दुसऱ्याचं बनियन अर्धं खाल्लेलं निघालं. काड जाळणाऱ्या तिघांची बनियनं जवळजवळ अखंड निघाली, आणि त्यातला एक इतका ओशाळला की त्यानं तिथल्या तिथे सांगितलं, यंदा काड जाळणार नाही. पणकाकांच्या बनियनला भोकंच भोकं पडली होती. त्यांनी ते अंगाला लावून पाहिलं आणि म्हणाले, "पण हे माझ्या अंगातल्यापेक्षा बरं आहे." बाई हसल्या, समजावून सांगत राहिल्या, लोकांच्या हातात माती देत राहिल्या. पण मनानं त्या कधीच एकेचाळिसाव्या शेतात जाऊन उभ्या होत्या.

तिथे पोचायला दुपार झाली. पदकवाला बांधावर उभा होता. अठरा वर्षांत तो वाकला होता, केस गेले होते, पण पांढरे कपडे तसेच कडक इस्त्रीचे. शेजारी सून. बाईंनी नमस्कार केला नाही. खुंटी जिथल्या तिथे होती.

"तुम्हीच खोदा, भाऊसाहेब," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "म्हणजे नंतर कुणी काही बदललं असं म्हणायला नको."

त्यानं फावडं घेतलं. पहिला घाव घातला आणि बाई पुढे सरकल्या. फावडं आवाज न करता आत गेलं होतं. कडक जमिनीत फावडं खणकन वाजतं, हात झिणझिणतात. इथे ते लोण्यात सुरी जावी तसं गेलं. वर आलेली माती काळसर, रवाळ, मुळ्यांच्या जाळ्यानं धरून ठेवलेली. तिच्यातून दोन गांडुळं वळवळत खाली पडली. आणि वास आला. ओल्या, जित्या मातीचा तो वास बाई झोपेतही ओळखल्या असत्या.

पांढरी पापडी कुठे गेली? बाईंनी चहूकडे पाहिलं. सरींमध्ये वाळकं काड अंथरलं होतं, कडेला शेंगवर्गाची वेल पसरली होती. हे सगळं त्या बनियन पुरायला आल्या तेव्हाही तिथेच होतं. त्यांनी ते पाहिलं नव्हतं, इतकंच.

तोवर पदकवाल्यानं बनियन वर ओढलं होतं. मातीनं माखलेलं, पण धडधाकट. एक भोक नाही, एक धागा सुटलेला नाही. त्यानं ते झटकलं आणि सगळ्यांना दिसलं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, भाऊसाहेब, धुऊन घाला, नवंच आहे. आणि चाळीस माणसं हसली. ज्याच्यापुढे त्यांचे बाप हात जोडून उभे राहिले होते, त्याला ती पोट धरून हसली. एकानं पदक आता बनियनला लावा म्हणून सुचवलं. पदकवाल्याचा चेहरा राखेसारखा झाला. हातातलं बनियन त्याला टाकवेना आणि धरवेना. अठरा वर्षं बाईंनी रोज रात्री हेच चित्र रंगवलं होतं, आणि आता ते डोळ्यांपुढे होतं. खोटं कशाला सांगा, त्यांना आनंद झाला. फावड्यावर आलेली माती पाहूनही झाला. तो आनंद अंगभर पसरला, आणि बाईंनी तो पुरेपूर भोगला.

मग सून पुढे आली. बाईंनी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"बाई, असं कसं झालं?" तिनं विचारलं. तिला राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. "चार वर्षं झाली, आम्ही तुम्ही सांगितलेलं सगळं करतोय. काड जाळत नाही, नांगर एकदाच घालतो, शेणस्लरी देतो, शेंगवर्गाचा फेर घेतो. बाबा म्हणाले होते कुणाला सांगू नकोस, बाईंचं ऐकतो म्हटलं तर लाज वाटते. मी वहीत लिहून आणायचे आणि ते करायचे. मग आमची माती मेलेली कशी?"

हसणं थांबलं. पणकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या "पण"ला वजन आलं.

"पण मग आम्ही कशाला करायचं?" ते म्हणाले. "यांनी चार वर्षं केलं आणि बनियन कोरं. म्हणजे बाई सांगतात त्यात काही दम नाही. ज्यांचं कुजलं त्यांचं नशिबानं कुजलं."

माणसांत कुजबुज सुरू झाली. सकाळी ज्यानं काड न जाळण्याचा शब्द दिला होता तो म्हणाला, मग मी उद्याच पेटवतो, काडात उगाच उंदीर कशाला वाढवा. दुसरा म्हणाला, माझा मुलगा आधीपासून म्हणतोय की हे सगळं थोतांड आहे. बाईंच्या डोळ्यांदेखत अठरा वर्षांचं शिकवणं एका बनियनमुळे वाहून चाललं होतं. ग्लासातल्या ढेकळासारखं ते विरघळत होतं आणि ते ग्लासात सोडणारा हात त्यांचाच होता.

गप्प बसता आलं असतं. जमिनीतला ओलावा कमी पडला असेल, बनियन फार खोल गेलं असेल, असं काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती. आणि बोलल्या असत्या तर? अठरा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीचा खोटा आळ आला, तीच गोष्ट खरी ठरणार होती. नमुना बाईंनीच बदलला. आणि तेही याच्यापुढे कबूल करायचं, या माणसापुढे. बाईंना वाटलं, जीभ झडली तर बरं.

सून अजून उत्तराची वाट बघत होती. हातात ती वही होती, कोपरे दुमडलेली.

"काडेपेटी आहे का कुणाकडे?" बाई म्हणाल्या.

पणकाकांनी दिली. बाईंनी पदकवाल्याच्या हातातून बनियन घेतलं, शिवणीचा धागा उसवला आणि काडी लावली. धागा आकसला, वितळला, त्याचा काळा मणी झाला. मग त्यांनी पणकाकांच्या बनियनचा धागा जाळला. त्याची राख झाली. राख त्यांनी फुंकून टाकली आणि मणी सगळ्यांना हातात घेऊन बघायला दिला.

"हे बनियन सुती नाही," बाई म्हणाल्या. "पॉलिस्टरचं आहे. हे कुठल्याच मातीत कुजत नाही. हे मी मुद्दाम यांना दिलं. बाकीची चाळीस सुती आहेत, घरी जाऊन धागा जाळून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. यांची माती आज पाहिलेल्या एकेचाळीस शेतांत सगळ्यांत चांगली आहे."

शेवटचं वाक्य बोलता बोलता त्यांनी काडेपेटी पणकाकांना परत दिली.

"पण बाई," पणकाका म्हणाले, "तुम्ही असं का केलं?"

"राग होता म्हणून."

कुणी मान फिरवली, कुणी च् च् केलं, दोघाचौघांनी तिथेच धागे जाळून पाहिले आणि राख पाहून माना हलवल्या. काड पेटवणार म्हणणारा आपलं जळकं बोट चोखत उभा राहिला. सुनेनं वही मिटली आणि ती घराकडे गेली. बाईंना तिचंच सगळ्यात लागलं.

*

लोक पांगल्यावर बाई हात धुवायला विहिरीवरच्या नळाशी गेल्या. पदकवाला मागून आला. जवळपास कुणी नव्हतं.

"तो नमुना गोठ्यामागचा होता," तो म्हणाला.

बाईंनी नळ बंद केला. हे वाक्य ऐकायला त्या अठरा वर्षं जगल्या होत्या, आणि ते असं आलं, हळू आवाजात, नळाशी, ओल्या हातांनी उभ्या असताना.

"मघाशी म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या. "चाळीस माणसं होती. आताही हाक मारली तर परत येतील. मोठ्यानं म्हणा."

"नाही."

"मी माझं म्हटलं ना सगळ्यांपुढे?"

"तुम्हाला तुमचं शिकवणं वाचवायचं होतं. मला काय वाचवायचं आहे? म्हातारपणी फक्त अब्रू जाईल." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "मनात आणलं तर उद्या तुमची नोकरी घालवू शकतो. घालवणार नाही. पण एक अट आहे. आजपासून दरवर्षी तुमचा पहिला वर्ग माझ्या शेतात. सगळ्यांना बोलवायचं आणि ही माती हातात घेऊन सांगायचं, की माती असावी तर अशी. पदक खोटं होतं, मला ठाऊक आहे. त्याच्याखाली बसून अठरा वर्षं जेवलोय. ही माती खरी आहे, आणि ती खरी आहे हे मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय."

शिक्षा अगदी मापून दिली होती, कुठे सैल नाही की घट्ट नाही. माफी मागितली असती तर ती त्यांनी तोंडावर फेकली असती. पण ही अट नाकारायला जागाच नव्हती, कारण माती खरोखर चांगली होती.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण वर्ग माझा. तिथे मी विचारीन त्याचं उत्तर द्यायचं."

तो हो म्हणाला. त्याला वाटलं, बाई हरल्या.

कार्यालयाला त्या दिवशीची बातमी कळायची ती कळलीच. नव्या साहेबांनी ताकीद दिली आणि सेवापुस्तकात दुसरा शेरा पडला. पहिला खोटा होता, हा खरा, आणि खऱ्याचा त्रास कमी होतो हे बाईंना वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि वाढून दिलं. त्या रात्री जेवताना पदकवाल्याचं नाव निघालं नाही, तेव्हा बहिणीनं दोनदा वर पाहिलं.

पुढच्या हंगामात बाईंनी कबूल केल्याप्रमाणे पहिला वर्ग पदकवाल्याच्या शेतात घेतला. साठ माणसं आली, काही माती बघायला, बरीच बाईंना बघायला. पदकवाला पुढे खुर्ची टाकून बसला. बाईंनी मूठभर माती उचलली आणि दात आवळून, पण एक शब्द न गाळता, तिची स्तुती केली. रवा कसा आहे, मुळ्या कशा खोल गेल्यात, ग्लासात ढेकूळ कसं बसून राहतं. तो डोळे मिटून ऐकत होता. सुनेला बाईंनी पुढे बोलावलं आणि तिच्याकडून तिची वही सगळ्यांना वाचून दाखवायला लावली. ती आधी बाईंकडे बघेना. मग वाचू लागली.

मग बाईंनी माती झटकली आणि धडा पुढे नेला. आता नमुना कसा घ्यायचा ते शिकू, त्या म्हणाल्या. नमुना कुठून घ्यायचा नाही, हे आधी कळलं पाहिजे, बहुतेक चुका तिथेच होतात. हे कोण सांगेल?

दोन-चार हात वर झाले. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

"भाऊसाहेब सांगतील," त्या म्हणाल्या. "यजमान आहेत. उभे राहून सांगा, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

पदकवाला खुर्चीवरून उठला. एका हातानं त्यानं खुर्चीची पाठ धरली. त्याचे कान लाल होत गेले ते बाई मन लावून बघत होत्या. साठ माणसांत ते फक्त त्यांनाच दिसत होतं आणि त्यांना तेवढंच पुरेसं होतं.

"बांधालगत घ्यायचा नाही," तो म्हणाला. "झाडाखाली घ्यायचा नाही."

"आणखी?"

बाईंनी घाई केली नाही. पिशवीतून ग्लास काढला, पदरानं पुसला, परत ठेवला.

"आणि गोठ्यामागून घ्यायचा नाही."

"का बरं?" बाईंनी विचारलं.

"कारण ती शेताची माती नसते."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "बसा."

याला आता सहा वर्षं झाली. बाई निवृत्त झाल्या तरी तो एक वर्ग त्या सोडत नाहीत, स्वतःच्या पैशानं बस पकडून जातात. दरवर्षी त्या त्याच्या मातीची खरीखुरी स्तुती करतात आणि दरवर्षी तो उभा राहून त्याच प्रश्नाचं उत्तर देतो. लोकांना वाटतं, दोन म्हाताऱ्यांची ही काहीतरी जुनी गंमत आहे. गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सून म्हणाली, बाई, यंदा बाबांना बसूनच सांगू द्या. बाईंनी त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला उठायला आधार म्हणून स्वतःचा हात पुढे केला.